बाळंतिणीच्या कार्डावर एक प्रश्न हवा : ‘घरात पूर्वी कुणाला?’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बाळंत होऊन महिना-दोन महिने झालेल्या आईने जीव दिला, की आपल्याकडे बातमी चार ओळींची येते आणि शेवटची ओळ ठरलेली असते : ‘घरगुती कारणातून हे पाऊल उचलल्याचे समजते.’ या ओळीने एकतर सासरच्यांकडे बोट जातं, नाहीतर ती बाईच हलक्या मनाची ठरते. आजाराचं नाव कुठेच येत नाही. जाच असेल तर तो लिहायलाच हवा, त्यावर पांघरूण घाला असं आम्ही म्हणत नाही. पण बाळंतपणानंतरचं नैराश्य हा निदान होणारा आणि उपचाराने बरा होणारा आजार आहे. तो कुणाला होण्याची शक्यता जास्त, हेही बऱ्याच अंशी गरोदरपणातच ओळखता येतं. ते कसं, एवढ्यापुरतंच हे पत्र. (बातमीखाली ‘टेलिमानस : १४४१६’ एवढं छापायला जागा फार लागणार नाही. हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो.)

आधी एक गल्लत दूर करू. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास उगाच रडू येणं, चिडचिड होणं, हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतं आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माणसं लागतात. दोन आठवडे उलटूनही मन उदास आहे, कशात रस नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, ‘मी चांगली आई नाही’ हे डोक्यातून जात नाही, तर ते नैराश्य. तिसरा प्रकार हजारात एक-दोघींना होतो, पण तो सर्वांत घातक. पहिल्या दोन आठवड्यांतच बाई दोन-दोन रात्री झोपत नाही तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, संशय घेते, आवाज ऐकू येतात म्हणते, बाळ आपलं नाहीच म्हणते. आपल्याकडे याला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यात, देवऋष्याकडे चार दिवस जातात. हे चार दिवस परवडणारे नसतात. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि तोवर तिला व बाळाला एकटं सोडायचं नाही.

भारतातल्या ३८ अभ्यासांची, म्हणजे २०,०४३ मातांची एकत्र मोजदाद २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आली होती. प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण त्यात २२ टक्के निघालं, म्हणजे पाचांत एकीहून थोडं जास्त.

आता अनुवंशाकडे येऊ. ‘हे आईकडून मुलीकडे येतं का?’ हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि बहुतेक वेळा सोयरीक जुळवताना. उत्तर आहे : काही अंशी, हो. स्वीडनमधल्या जुळ्या आणि सख्ख्या बहिणींच्या नोंदींवरून २०१६ मध्ये एक हिशेब मांडला गेला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्याबाबत एका बाईत आणि दुसरीत जो फरक दिसतो, त्यातला अनुवंशाचा वाटा जुळ्यांच्या नोंदींतून ५४ टक्के आणि बहिणींच्या नोंदींतून ४४ टक्के निघाला. एरवीच्या नैराश्यात तो ३२ टक्के होता. म्हणजे बाळंतपणाभोवतीच्या नैराश्यात रक्ताचा भाग जरा जास्तच आहे.

हा ५४ चा आकडा मात्र हमखास चुकीचा वाचला जातो. आईला झालं म्हणजे मुलीला ५४ टक्के होणार, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उसाची लागण करणाऱ्याला हे पटकन समजेल. एकाच कसाच्या, सारख्या पाण्याच्या रानात चार जातींचा ऊस लावला तर टनेजमधला फरक जातीचा दिसतो. पण को ८६०३२ ही एकच जात घेतली, निम्मा कसदार रानात लावला आणि निम्मा शिरोळकडच्या क्षारपडीत, तर सगळा फरक जमिनीचा. बेण्याचा वाटा किती, हे कुठल्या रानात मोजलं त्यावर ठरतं. स्वीडनमध्ये दवाखाना आणि बाळंतपणाची रजा जवळपास सगळ्यांना सारखीच मिळते, म्हणून तिथे बेण्याचा वाटा ठळक दिसतो. जिथे एकीला पाच माणसं हाताखाली आणि दुसरीला विसाव्या दिवशी धुणं, तिथे तोच आकडा जसाच्या तसा आणून चिकटवता येत नाही.

घरच्यांना उपयोगी आकडा वेगळा आहे. २६ अभ्यास आणि एक लाखाहून अधिक स्त्रिया असलेला आढावा २०२२ मध्ये निघाला. त्यानुसार कुटुंबात कुणाला मानसिक आजार असेल तर प्रसूतीनंतरच्या नैराश्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. एरवी शंभरात १५ जणींना होत असेल, तर अशा घरातल्या शंभरात सुमारे २७ जणींना. उरलेल्या ७३ जणींना होत नाही. लग्न मोडण्याइतकी ही गोष्ट मोठी नाही. पण विचारायचं विसरून जावं इतकी लहानही नाही.

यामागे एखादं ‘नैराश्याचं जीन’ नाही. २०२३ मध्ये हा आजार झालेल्या १७,३३९ स्त्रियांच्या जनुकांची निरोगी स्त्रियांशी तुलना झाली, तरी बोट ठेवावी अशी एकही जागा ठामपणे सापडली नाही. परिणाम अतिशय बारीक आणि असंख्य जागी विखुरलेले निघाले. त्यामुळे या आजारासाठी म्हणून कुणी जनुकचाचणीचं पॅकेज विकत असेल तर पैसे घालवू नयेत. संप्रेरकांच्या चाचणीचंही तेच. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत झपाट्याने कोसळतात, पण ते सगळ्याच बायकांत कोसळतात. फरक असतो तो मेंदू ही उतरण कशी सोसतो यात. २००० साली अमेरिकेत हे प्रयोगाने तपासलं गेलं. पूर्वी असं नैराश्य येऊन गेलेल्या आठ आणि कधीच न आलेल्या आठ स्त्रियांना औषधाने गर्भारपणासारखी संप्रेरकं वाढवून मग एकदम थांबवली. पहिल्या आठपैकी पाच जणींची मनःस्थिती ढासळली, दुसऱ्या आठपैकी एकीचीही नाही. प्रयोग लहान होता, पण रिपोर्टमध्ये ‘हार्मोन नॉर्मल’ आलं म्हणून बाईची तक्रार खोटी ठरत नाही, हे समजायला पुरेसा आहे.

थोडक्यात, हे रक्त तपासून कळत नाही, तोंडाने विचारूनच कळतं. प्रश्न कसा विचारायचा यावरच इथे सगळं अवलंबून आहे. ‘घरात कुणाला मानसिक आजार आहे का?’ असं विचारलं की दहापैकी दहा जणी ‘नाही’ म्हणतात, कारण बाजूला सासू बसलेली असते. बाईला वजनाच्या काट्यापाशी किंवा पोट तपासताना एकटी गाठावं आणि रोजच्या शब्दांत विचारावं : ‘तुमच्या आईला, मावशीला, बहिणीला बाळंतपणानंतर फार रडू यायचं, झोप जायची, डोक्यावर परिणाम झाला होता, असं कधी ऐकलंय? घरात कुणी जीव द्यायचा प्रयत्न केलाय? कुणाला झोपेच्या किंवा डोक्याच्या गोळ्या चालू आहेत?’ पहिलं बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत इथे कामी येते. सातव्या-आठव्या महिन्यात सोबत आई येते, आणि आजीच्या, मावशीच्या बाळंतपणात काय झालं होतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिलाही वेगळं घेऊन विचारावं. मिळालेलं उत्तर सासरी वाचली जाणारी चिठ्ठी करू नये. केसपेपरवर आपल्याला समजेल अशी खूण पुरते.

मग स्वतः बाईचा इतिहास. पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, आधीच्या बाळंतपणात आलं होतं का, आणि आत्ता गरोदरपणात मन कसं आहे? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त राहून जातो. गोव्यात २७० मातांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने त्रासलेल्या होत्या. म्हणजे आजार ‘बाळंतपणानंतर’चा म्हणायचा, पण बहुतेकींमध्ये तो गरोदरपणातच दिसत होता. कुणी पाहिलं नाही इतकंच.

द्विध्रुवीय विकाराची, म्हणजे कधी अति उत्साह आणि कधी खोल उदासी अशा आजाराची पार्श्वभूमी स्वतःला किंवा जवळच्या रक्तात असेल तर मामला वेगळा होतो. अमेरिकेत १०,००० बाळंतिणींच्या चाळणीचा अभ्यास २०१३ मध्ये आला. प्रश्नावलीत नैराश्याच्या बाजूने आलेल्या ज्या बायकांची पुढे तपासणी झाली, त्यांतल्या २२.६ टक्के प्रत्यक्षात द्विध्रुवीय निघाल्या. अशा बाईला नुसती नैराश्याची गोळी सुरू केली तर उन्माद उसळू शकतो. म्हणून गोळी लिहिण्याआधी विचारावं : ‘झोप कमी होऊनही अंगात भलतीच ताकद, भराभर बोलणं, उधळा खर्च, असे काही दिवस कधी आले होते का?’ हो म्हणाली तर प्रसूतीच्या आधीच मनोविकारतज्ज्ञाला सामील करून घ्यावं आणि पहिल्या पंधरा दिवसांचा आराखडा लेखी ठेवावा. त्यात झोपेला पहिलं स्थान. चालू गोळ्या गरोदर राहिल्याचं कळताच घरीच बंद करणं ही नेहमीची चूक असते, कारण आजार उलटतो तो तिथूनच. उलट या विकारात दिलं जाणारं वॅलप्रोएट हे औषध गर्भाला निश्चित घातक असल्यामुळे मूल होण्याच्या वयात ते टाळायचं असतं. म्हणजे यातलं काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं हे तज्ज्ञानेच ठरवावं.

बेण्याचं झालं, आता रानाचं. वर सांगितलेल्या ३८ अभ्यासांत पुन्हा पुन्हा जी कारणं आली ती अशी : पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, नवरा-बायकोतलं भांडण, नवऱ्याचा आधार नसणं, आईला पूर्वीचा मानसिक आजार आणि मुलगी होणं. शेवटचं वाचून आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने मान खाली घालायला हवी. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८३९ होत्या, २०११ मध्ये ८६३. सुधारणा आहे, पण कुठून कुठवर ते पाहा. दुसरीही मुलगी झाल्यावर खोलीत पसरणारी शांतता कुठल्याही प्रश्नावलीत मोजता येत नाही. नर्सला मात्र ती पहिल्या तासात कळते. त्या केसपेपरवर तेव्हाच खूण करावी. मारहाणीचा संशय आला तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तोंडी सांगावा. कागदावर लिहून दिला तर तो घरी सापडतो.

आपल्या सव्वा महिन्याच्या रीतीबद्दल दोन शब्द. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांवर हसण्याचं कारण नाही. त्यातली खरी औषधी गोष्ट ही की बाईला कामापासून सुट्टी आणि हाताशी अनुभवी माणूस मिळतं. अडचण पुढे येते. सव्वा महिना संपतो, तिसऱ्या महिन्यात पाळण्यासकट रवानगी सासरी होते आणि आधार एका दिवसात काढून घेतला जातो. नैराश्य त्या आधीच, गुपचूप सुरू झालेलं असू शकतं. त्यातच आशाताईंच्या नोंदवहीतून ती सुटते. माहेरच्या गावात नाव कमी झालं, सासरच्या गावात अजून चढलं नाही. आशाताईंच्या गृहभेटी दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. बाळाच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. पुढच्या भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत. म्हणजे लसीची तारीख हीच एक तारीख आहे जी माहेर-सासर कुठेही चुकत नाही. आईची विचारपूस तिथेच बसवली तर नवीन फेरी लागत नाही. आज त्या रांगेत बाळाचं वजन होतं, बाळाला सुई मिळते आणि आई नुसती बाळ धरणारी म्हणून परत जाते.

विचारपूस म्हणजे सुरुवातीला दोनच प्रश्न : ‘गेल्या महिन्यात बरेचदा उदास, निराश वाटलं का? आवडीच्या गोष्टींतही मन लागेनासं झालं का?’ एकाचंही उत्तर हो आलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य चाळून काढणारी एडिनबरो प्रश्नावली भरावी. १९८७ मध्ये तयार झालेली ही प्रश्नावली दहा प्रश्नांची असून ती गेल्या सात दिवसांपुरतीच विचारते. गुण ० ते ३०. दहा ते बारा आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा, तेरा किंवा अधिक आले तर डॉक्टरांची तपासणी. आता ती बिघडते कुठे ते सांगतो. एक, घरच्यांसमोर मोठ्याने वाचली जाते. दोन, नवरा तिच्या वतीने उत्तरं देतो. तीन, आणि हे सर्वांत वाईट, फक्त बेरीज पाहिली जाते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. बेरीज सहाच आली तरी दहाव्याला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर त्याच दिवशी पुढे बोलायचं, घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगायचं आणि औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवायला लावायची. शेतीच्या घरात हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

शरीराकडेही पाहायचं. थकवा, उदासी, केस गळणं यामागे कधी थायरॉइड असतो. प्रसूतीनंतर शंभरात सुमारे पाच जणींना थायरॉइडची सूज येते. आधी धडधड आणि वजन उतरणं, मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास मंदपणा असा त्याचा क्रम. तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. रक्त कमी असणं तर आपल्याकडे घरोघरी. बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे पांडुरोग. लोहाच्या गोळ्या, रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, पण बहुतेकींचं पाकीट बारशालाच संपतं. गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी.

झोप हा औषधाइतकाच मोठा उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. रात्री सलग चार-पाच तासांचा एक तुकडा बाळंतिणीला मिळालाच पाहिजे. तो कसा काढायचा, तर दहाला पाजून तिने झोपायचं. मधल्या वेळी बाळ उठलं तर आधी काढून ठेवलेलं तिचंच दूध आजीने किंवा बापाने वाटी-चमच्याने पाजायचं. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ते साध्या तपमानाला चार तास ठेवता येतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. दूध काढणं जमत नसेल तर बाळ फक्त पाजायला तिच्याजवळ आणायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं दुसऱ्याने करायचं. बाळ पाहायला येणाऱ्यांना दुपारी एक ते चार दार बंद. हे सांगायला सून धजत नाही, म्हणून ते डॉक्टरांनी सासूला सांगावं.

उपचार इथेच होतात. सौम्य-मध्यम आजाराला समुपदेशन पुरतं, आणि ते आशाताईंच्या दर्जाच्या कार्यकर्तीला शिकवता येतं हे शेजारच्या पाकिस्तानात दिसलं आहे. तिथल्या ग्रामीण भागात गावच्या आरोग्यसेविकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक अशा चार, पहिल्या महिन्यात तीन आणि नंतर महिन्याला एक अशा नऊ, मिळून सोळा बैठका घेतल्या. सहा महिन्यांनी त्या गटात नैराश्य २३ टक्के होतं, नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आजार जास्त असेल तर गोळी. सर्ट्रालिन आईच्या दुधात फारच कमी उतरतं, त्यामुळे पाजणं बंद करायची गरज बहुधा पडत नाही. २५ किंवा ५० मिलिग्रॅमने सुरुवात होते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. गोळी फसते ती दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडल्याने. नुसती झोपेची गोळी देऊन पाठवणं हा उपचार नव्हे. खर्चाचं कारणही पुढे करू नये. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. दाखल करावं लागलंच तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईपासून तोडता येत नाही. हे कित्येक नातेवाइकांना आणि काही दवाखान्यांनाही ठाऊक नाही.

राहिल्या ऊसतोडीच्या बायका. हंगामात त्यांचं नाव गावाकडच्या नोंदवहीत आणि बाळंतपण इकडच्या कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत. कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे दोघांच्या नावावर, त्यामुळे फडात लवकर परतण्याची घाई. या पत्रात लिहिलेली एकूण एक जोखीम एकाच बाईवर साचलेली पाहायची असेल तर ती तिथे दिसेल. कारखान्याच्या तळावर लसीकरणासाठी पथक जातंच. त्याच्या यादीत आईसाठी दोन प्रश्नांचा रकाना घालावा आणि पुढची तारीख मुकादमाला नव्हे, तिला स्वतःला सांगावी. टोळी गावी परतताना तिच्या कार्डावर पुढची लस कधी आणि कुठे, एवढं लिहून द्यावं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणि खासगी प्रसूतिगृहांनी डिस्चार्ज कार्डावर पुढचा मजकूर छापावा, अशी आमची मागणी आहे. तो असा :

घरात किंवा स्वतःला पूर्वी त्रास : विचारलं / विचारायचं राहिलं (उत्तर केसपेपरवर).
सहा, दहा, चौदा आठवड्यांना बाळाच्या लसीबरोबर आईची तपासणी.
दोन रात्री झोप नाही, भास, संशय, जीव द्यायचे किंवा बाळाला इजा करायचे विचार : त्याच दिवशी दवाखाना. फोन १४४१६.

आपले,
प्रसूती, बालआरोग्य व मनोविकार क्षेत्रांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका, कोल्हापूर